पहिल्या वर्षाचा डॉक्टर वाचवू या

मोटार वाहन कायद्याच्या 185व्या कलमानुसार शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडलं, की चालक गुन्हेगार ठरतो. 1997 साली 'नेचर' या नियतकालिकात दोन संशोधकांनी एक मोजमाप प्रसिद्ध केलं होतं. सलग 24 तास जागा असलेला माणूस हात आणि डोळे यांचा मेळ घालताना जितका चुकतो, तितका तो शंभर मिलिलिटरमागे 100 मिलिग्रॅम मद्य रक्तात असताना चुकतो. आपल्या कायद्यानं घालून दिलेल्या मर्यादेच्या तिपटीहून हे जास्त झालं. अशा अवस्थेतल्या माणसाला नाकाबंदीवरचा हवालदार स्कूटर पुढे नेऊ देणार नाही. सरकारी रुग्णालयात मात्र आपण त्याच्या हाती सुई, टाके, इन्सुलिनचा डोस आणि व्हेंटिलेटर सोपवतो. पहाटे चार वाजता आपल्या आईचा केसपेपर लिहिताना त्याचा आवाज जरा चढला, तर खिशातून मोबाइल काढून त्याचं शूटिंगही करतो.

या माणसाला निवासी डॉक्टर म्हणतात. साडेपाच वर्षांचं एमबीबीएस आणि इंटर्नशिप उरकून, नीट-पीजीच्या चाळणीतून पार होऊन तो एमडी किंवा एमएसच्या तीन वर्षांना लागलेला असतो. वय पंचविशीच्या आसपास. विद्यार्थी म्हणून त्याची फी भरलेली असते आणि डॉक्टर म्हणून त्याच्या सहीनं औषधं दिली जातात. केईएम, सायन, नायर, जे. जे., पुण्याचं ससून, छत्रपती संभाजीनगरची घाटी, नागपूरचं मेडिकल आणि मेयो, मिरज, अंबाजोगाई ही सगळी रुग्णालयं रात्री याच लोकांच्या खांद्यावर असतात. प्राध्यापक फोनवर असतात, काही धावूनही येतात. पण खाटेपाशी उभा असतो तो 'जेआर वन', म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी. हे आवाहन त्याच्यासाठी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे सुखात असतात असं नव्हे. पण माणूस मोडतो तो बहुतेक पहिल्या वर्षात आणि त्यातही पहिल्या काही महिन्यांत, हे कोणत्याही युनिटमधल्या कोणालाही विचारून पाहावं.

त्याचा दिवस कसा असतो ते बाहेरच्या माणसाला नीट ठाऊक नसतं. 'फार काम असतं हो त्यांना' एवढंच आपण म्हणतो. सकाळी सातच्या आधी वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांची रक्तं काढायची, नळ्यांवर नावं घालायची, सॅम्पल लॅबला पोहोचवायची. कारण मामा, म्हणजे कक्षसेवक, एकच असतो आणि तो दुसऱ्या वॉर्डात ट्रॉली ढकलत असतो. मग राउंड. राउंडला कालचा प्रत्येक रिपोर्ट तोंडपाठ हवा. एखादा एक्स-रे सापडला नाही तर सगळ्यांसमोर, रुग्णासमोरसुद्धा, झाप. मग ओपीडी, तिथे दुपारपर्यंत रांग. रक्तपेढीतून बाटली आणायची, सीटी स्कॅनची तारीख विनवून मिळवायची, सरकारी विमा योजनेचे फॉर्म भरायचे, फोटो अपलोड करायचे, डिस्चार्ज कार्डं लिहायची, पोलिस केस असेल तर त्याचे कागद वेगळे. इमर्जन्सीचा दिवस असेल तर रात्रभर कॅज्युअल्टीतून रुग्ण वर येत राहतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी होत नाही, राउंड होतो. त्यानंतर पुन्हा ओपीडी किंवा ओटी. छत्तीस तास हा आकडा इथून येतो. तो वर्षातून एखाद्या वेळी येत नाही, अनेक विभागांत तो आठवड्याला येतो, काही ठिकाणी दोनदा.

यातलं वैद्यकीय शिक्षण किती आणि हमाली किती, याचा हिशेब एकदा कोणीतरी प्रामाणिकपणे मांडायला हवा. मी ढोबळ मांडतो: रक्त काढणं शिकायला आठ दिवस पुरतात. ते पुढचे अकरा महिने करण्यात शिक्षण नाही, ती रिकाम्या पदांची भरपाई आहे. परिचारिका, तंत्रज्ञ, कक्षसेवक, लिपिक यांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. त्या प्रत्येक रिकाम्या खुर्चीचं काम घरंगळत खाली येतं आणि ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या अंगावर थांबतं.

गंमत अशी (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) की हे सगळं कागदावर केव्हाच बंद झालेलं आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं 5 जून 1992 रोजी निवासी डॉक्टरांसाठी निर्देश काढले. सलग कामाचे तास साधारणपणे दिवसाला बारापेक्षा जास्त नसावेत, आठवड्याला साधारण 48 तास काम असावं, आळीपाळीनं एक साप्ताहिक सुट्टी मिळावी. ते निर्देश निघाले त्या वर्षी जन्मलेली मुलं आज स्वतः विभागात व्याख्याते झाली असतील. 2023 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं पदव्युत्तर शिक्षणाचे नवे विनियम आणले. त्यात साप्ताहिक सुट्टी आहे, वर्षाला वीस दिवसांची किरकोळ रजा आहे, आणि कामाचे तास 'वाजवी' असावेत असं म्हटलं आहे. वाजवी म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. 1992च्या कागदावर निदान आकडा होता. 2024 साली याच आयोगाच्या कृतिदलानं वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला आणि आठवड्याला 74 तासांची कमाल मर्यादा सुचवली. बत्तीस वर्षांत आपली अपेक्षासुद्धा 48वरून 74वर आली. आणि आज एखाद्या पहिल्या वर्षाच्या सर्जरीच्या निवासीला आठवड्याचे 74 तास खरोखर दिले, तर तो पेढे वाटेल.

त्याच अहवालासाठी आयोगानं देशभर ऑनलाइन पाहणी केली. 5,337 पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. स्वेच्छेनं भरलेली पाहणी आहे, त्यामुळे तिचा प्रत्येक टक्का दगडावरची रेघ मानू नये. तरीही 45 टक्के म्हणाले की आम्ही आठवड्याला साठ तासांहून जास्त काम करतो. निम्म्याहून अधिक जणांनी साप्ताहिक सुट्टी मिळत नसल्याचं सांगितलं. आणि 31 टक्क्यांनी सांगितलं की गेल्या वर्षभरात जीव द्यावासा वाटण्याचे विचार आपल्या मनात येऊन गेले. तिघांत एक म्हणा. राउंडला सहा निवासी उभे असतील तर त्यांतले दोन. त्याआधी माहितीच्या अधिकारात आयोगाकडूनच जी माहिती बाहेर आली, तिच्यानुसार पाच वर्षांत शंभराहून अधिक वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं होतं आणि सुमारे हजार पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षण अर्धवट टाकून गेले होते. देशात तज्ज्ञ डॉक्टर कमी आहेत म्हणून आपण ओरडतो. हे हजार जण तज्ज्ञ होण्याच्या वाटेवर होते.

आता एक युक्तिवाद. तो ऐकवणारे माझे जवळचे लोक आहेत, म्हणून त्याला टाळून पुढे जाता येत नाही. 'आम्हीही हेच केलं. आम्ही मेलो नाही. उलट त्यामुळेच घडलो.' ज्येष्ठ सर्जन हे बोलतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांनी रात्री जागवल्या आहेत, हातानं शिकले आहेत. पण त्यांच्या काळी त्या वॉर्डात व्हेंटिलेटर किती होते? रुग्णामागे किती तपासण्या, किती फॉर्म, किती ऑनलाइन नोंदी होत्या? खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या तेव्हाही होत्या हे खरं. पण तेव्हा जे रुग्ण पहिल्याच रात्री दगावत, ते आज पंधरा दिवस आयसीयूत लढतात आणि त्या पंधरा दिवसांतला प्रत्येक तास कोणीतरी जागून काढतो. कामाचे तास तेवढेच राहिले, त्या तासांत करायचं काम कितीतरी वाढलं. शिवाय जे घडले ते आज बोलायला आहेत. जे मोडले ते या चर्चेत कधी नसतातच. ते कुठल्यातरी तालुक्याला एमबीबीएसवर दवाखाना चालवत असतात, किंवा तेही नाही.

तास कमी केले तर डॉक्टर कच्चे राहतील, ही भीती मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. अमेरिकेत हा वाद 1984 पासून चालू आहे. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच मरण पावली. तिला पाहणारे निवासी किती रुग्ण सांभाळत होते, किती तास जागे होते, हा प्रश्न तिच्या वडिलांनी लावून धरला. त्यातून आधी न्यूयॉर्क राज्यात आणि 2003 पासून देशभर आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा आली. 2004 साली बोस्टनच्या एका अतिदक्षता विभागात अभ्यास झाला. जुन्या लांबलचक पाळ्यांत इंटर्न मंडळींच्या हातून गंभीर चुका सुमारे 36 टक्के जास्त होत होत्या. पुढे सर्जरीच्या निवासींवर मोठी चाचणी झाली. तिथे पाळ्यांची लांबी लवचीक ठेवल्यामुळे रुग्णांचं नुकसान झालं नाही असं निघालं, आणि आपल्याकडचे काही जण ते कागद नाचवतात. पण त्या चाचणीतसुद्धा दोन्ही गटांना आठवड्याचे ऐंशी तास ओलांडायची मुभा नव्हती, हे सांगायला ते विसरतात. तिकडचा वाद छपराखाली कुठे झोपायचं याचा आहे, आपल्याकडे अजून छप्परच नाही.

कमी तासांत पाळी बदलताना माहिती हरवते, हा आक्षेपही खरा आहे. त्यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: पाळी सोपवताना ठरलेल्या नमुन्यात, तोंडी आणि लेखी, रुग्णागणिक माहिती देणं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत ही पद्धत बसवली तेव्हा वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी घटल्या. त्याला यंत्र लागत नाही, एक छापील कागद आणि अर्धा तास लागतो.

पण थकवा हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे. माणूस थकव्यानं क्वचित तुटतो. थकलेला असताना त्याला कोणी पाण्यात पाहिलं, एकटं पाडलं, तर तुटतो.

सरकारी महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यामुळे केरळची मुलगी अंबाजोगाईला येते, राजस्थानचा मुलगा धुळ्याला. पहिल्याच रात्री समोर बाळंतीण असते आणि ती सांगत असते, 'कंबर लई भरून आलीया.' तिला हिंदी येत नाही, डॉक्टरला मराठी येत नाही, आणि सीनियर म्हणतो, 'एवढंही कळत नाही का?' आपली मुलं दिल्लीला, चंदीगडला, कोलकात्याला जातात तेव्हा तिकडे त्यांचंही हेच होतं. भाषेचा हा प्रश्न चार दिवसांच्या वर्गानं आणि खिशात मावणाऱ्या पन्नास वाक्यांच्या पुस्तिकेनं बराचसा सुटतो. मराठीवर प्रेम असलेल्या संस्थांची राज्यात कमतरता नाही. त्यांनी ही पुस्तिका काढून दरवर्षी रुजू होणाऱ्या तुकडीच्या हातात द्यावी, परप्रांतीयाला मराठी शिकवण्याचा याहून उपयोगी मार्ग मला माहीत नाही.

जातीचा प्रश्न पुस्तिकेनं सुटत नाही. 22 मे 2019 रोजी नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्र शिकणारी डॉ. पायल तडवी आपल्यातून गेली. जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली मुलगी. तिच्या वरिष्ठांवर जातीवरून छळाचे आरोप झाले, प्रकरण न्यायालयात आहे आणि निकाल न्यायालयच देईल. मला इथे दुसरंच म्हणायचं आहे. आपली मुलगी सहन करते आहे हे तिच्या घरच्यांना ठाऊक होतं, ते त्यांनी विभागात सांगितलंही होतं, असं त्यांचं म्हणणं आहे. छळ घरी कळतो आणि संस्थेच्या कानावर घालूनही काही हलत नाही, असं एकदा जरी घडलं तरी तक्रारीची व्यवस्था नापास समजावी. पायलच्या आईनं रोहित वेमुलाच्या आईबरोबर त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, उच्च शिक्षणसंस्थांतला जातिभेद थांबवण्याची यंत्रणा खरी व्हावी म्हणून. मुलं गमावलेल्या दोन आयांना हे मागावं लागलं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे.

मग हा अडचणीत आलेला निवासी मदत का मागत नाही? कारण मागायची कोणाकडे? ज्यांच्याविषयी तक्रार आहे तेच त्याची टर्म ग्रँट करणार, तेच थिसिसवर सही करणार, परीक्षेला तेच अंतर्गत परीक्षक. मानसोपचार विभाग त्याच इमारतीत, दोन मजले वर. तिथला निवासी त्याचा मेसमधला सोबती. ओपीडीच्या रांगेत उभं राहून स्वतःच्या नावाचा केसपेपर काढायचा, म्हणजे संध्याकाळपर्यंत हॉस्टेलभर बोभाटा. 'तो जरा वीक आहे' हे एकदा चिकटलं की तीन वर्षं निघत नाही. म्हणून तो येत नाही. कामात उशीर होऊ लागतो, चुका होतात, झाप वाढते, शिक्षा म्हणून जादा ड्यूटी लागते, झोप आणखी कमी होते. आणि आपण म्हणतो, मुलगा हुशार होता, काय बिनसलं कोण जाणे. काय बिनसलं ते वॉर्डातल्या सिस्टरला आणि मावशींना महिनाभर आधी कळलेलं असतं. तो जेवायला जात नाही, हे त्या रोज पाहत असतात. त्यांना कोणी विचारत नाही एवढंच.

ब्रिटनमध्ये 2008 साली डॉक्टरांसाठीच एक वेगळी गोपनीय आरोग्यसेवा सुरू झाली. लंडनपासून सुरुवात होऊन पुढे ती इंग्लंडभर गेली. डॉक्टर थेट संपर्क करतो, त्याच्या रुग्णालयाला न कळवता. आपल्याकडे टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून आहे, क्रमांक 14416, दिवसरात्र, मराठीतही. ती सगळ्यांसाठी आहे आणि डॉक्टरांसाठीही आहे. पण फोनच्या पलीकडे, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला एक समुपदेशक हवा जो त्या महाविद्यालयाचा नोकर नाही. त्याचा पगार अधिष्ठात्यांच्या कार्यालयातून निघता कामा नये. माजी विद्यार्थी संघटनांनी तो द्यावा. आपल्या महाविद्यालयांचे हजारो माजी विद्यार्थी मुंबई-पुण्यात, अमेरिकेत, इंग्लंडात उत्तम स्थिरावले आहेत. रौप्यमहोत्सवी मेळाव्यांना सभागृहाला रंग देतात, पुतळा बसवतात, कोनशिला लावतात. मंडळी, एक वर्ष कोनशिला राहू द्या. एका समुपदेशकाचा वर्षाचा पगार तुमच्या बॅचच्या स्नेहसंमेलनाच्या जेवणावळीहून फार जास्त होत नाही.

ज्याला खरोखर झेपत नाही, त्याला सन्मानानं बाहेर पडता आलं पाहिजे. आज तेही कठीण आहे. जागा सोडली तर लाखो रुपयांचा दंड, शिवाय पुढच्या प्रवेशांवर बंदी, अशी अट अनेक राज्यांनी घातलेली आहे. मूळ कागदपत्रं कॉलेजच्या कपाटात. म्हणजे मुलगा आतमध्ये घुसमटतो आहे आणि दारावर कुलूप आहे. 2024च्या जानेवारीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं राज्यांना ही अट काढून टाकण्याविषयी लिहिलं. जागा वाया जाते, सरकारचा पैसा वाया जातो, ही राज्यांची बाजू खोटी नाही. पण दंडाच्या भीतीनं अडकलेला माणूस चांगला भूलतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ होईल, ही आशा मात्र खोटी आहे. शाखा बदलण्याची, एक वर्ष विश्रांती घेऊन परत येण्याची वाट ठेवली तर जागाही वाचते आणि माणूसही.

सुरक्षिततेवर लिहावं तितकं थोडं. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात 9 ऑगस्ट 2024ला झालेल्या बलात्कार आणि खुनाच्या घटनेनं देश हादरला. लांब ड्यूटीवरची एक निवासी डॉक्टर विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेली होती, कारण पाठ टेकायला दुसरी धड जागा नव्हती. आपल्याकडे 2017 साली धुळ्यात नातेवाइकांच्या मारहाणीत एका निवासीच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरचे निवासी सामूहिक रजेवर गेले. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा 2010चा आहे. कायदा आहे, पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीच्या दारात उभा राहणारा सुरक्षारक्षक नाही, आणि स्त्री-निवासींसाठी आतून कडी लागणारी खोली अजून प्रत्येक विभागात नाही. एका कडीला किती खर्च येतो?

हॉस्टेल, विद्यावेतन, वरिष्ठ निवासींची पदं यांसाठी 'मार्ड' ही निवासींची संघटना वर्षानुवर्षं संप करत आली आहे. 2023च्या जानेवारीत केला, 2024च्या फेब्रुवारीत केला. त्यानंतर विद्यावेतनात दहा हजारांची वाढ झाली. संप झाला की रुग्णांचे हाल होतात आणि आपण रागावतो, ते साहजिक आहे. पण संप मिटल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण तो विसरतो, आणि मान्य झालेल्या मागण्या पुढच्या संपापर्यंत फायलीत राहतात. इथे नागरिकांचं काम सुरू होतं. संपाच्या काळात पाठिंबा द्या असं मी म्हणत नाही. संप नसताना विचारा.

देशातल्या पदव्युत्तर जागा 2014 साली 31 हजारांच्या आसपास होत्या, दहा वर्षांत त्या 72 हजारांवर गेल्या. 9 ऑक्टोबर 2024 रोजी एकट्या महाराष्ट्रात दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. आनंदाची गोष्ट आहे. उद्या तिथेही निवासी येतील. जुन्या महाविद्यालयांत सवयी मुरलेल्या आहेत, त्या बदलायला वेळ लागेल. या दहा ठिकाणी मात्र पाटी अजून कोरी आहे. तिथल्या आमदारांनी, जिल्हाधिकाऱ्यांनी, पत्रकारांनी इमारतीच्या काचा मोजण्याआधी हॉस्टेलच्या खोल्या आणि कक्षसेवकांची भरलेली पदं मोजावीत. गडचिरोलीत पहिल्या दिवसापासून 48 तास नाही तर निदान 74 तास पाळले गेले, तर मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांना तोंड लपवायला जागा राहणार नाही.

सर, मॅडम, तुम्हा विभागप्रमुखांना हात जोडून एक विनंती. सरकार पदं भरेल तेव्हा भरेल, पण काही गोष्टींना मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पहिल्या वर्षाच्या निवासीला वॉर्डातून बाहेर काढा, त्याला स्वतःहून जाता येणार नाही. चूक काढायची तर ड्यूटी रूममध्ये काढा, रुग्णासमोर नको. शिक्षेची ड्यूटी हा प्रकार तुमच्या विभागात बंद आहे असं एकदा मोठ्यानं म्हणा, कारण ती तुमच्या नावानं दुसऱ्या वर्षाचा मुलगा लावत असतो आणि तुम्हाला पत्ता नसतो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मित्रांनो, तुम्हाला जे सोसावं लागलं ते पुढच्याला द्यायचं की नाही, हे फक्त तुमच्या हातात आहे. तुमच्याइतकी सत्ता त्याच्यावर अधिष्ठात्यांचीही नाही. तुमचा ज्युनियर दोन दिवस जेवला नसेल, गप्प झाला असेल, तर त्याचा वॉर्ड एक रात्र तुम्ही घ्या आणि त्याला झोपायला पाठवा.

आईवडिलांनो, मुलगा डॉक्टर झाला या कौतुकात त्याचा 'ठीक आहे' हा शब्द प्रमाण मानू नका. तो फोनवर दोन मिनिटंच बोलतो याचं कारण दर वेळी व्यग्रता नसतं. 'सोडून आलो तर चालेल का?' हा प्रश्न त्यानं विचारण्याआधी तुम्ही सांगून टाका की चालेल. कर्ज फेडता येतं, लोक काय म्हणतील ते चार महिने म्हणतात. त्याला धोका वाटत असेल, जीव नकोसा झाल्यासारखं तो बोलत असेल, तर उद्याची वाट न पाहता त्याच्यापाशी पोहोचा. रॅगिंग होत असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522 आहे, आणि तक्रार कोणी तिसऱ्यानं केली तरी ती नोंदवली जाते.

राहिलो आपण, रुग्ण आणि नातेवाईक. आपल्यासाठी काम सोपं आहे. जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे माहितीच्या अधिकारात एक अर्ज करायचा. विचारायचं इतकंच: मेडिसिन, सर्जरी आणि स्त्रीरोग या तीन विभागांच्या गेल्या तीन महिन्यांच्या ड्यूटी-याद्या द्या, पहिल्या वर्षाच्या निवासींना दिलेल्या साप्ताहिक सुट्ट्यांची नोंद द्या, आणि परिचारिका व कक्षसेवकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, ते सांगा. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. आलेलं उत्तर स्थानिक वर्तमानपत्राला आणि आपल्या आमदारांना पाठवा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करा. प्रत्येक जिल्ह्यात असे दहा जण निघाले तरी 1992चा कागद पहिल्यांदाच कपाटाबाहेर येईल. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.